सिदी हमीद आणि दादांची चोपडी



२०१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी अंगणात चहाचा कप घेऊन बसलो होतो, तोच मोबाइल वाजला. फोन अमेरिकेतून, न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून. तिथं माझा शाळासोबती राहतो. कळंबच्या मराठी शाळेत आम्ही दोघं एका टाटपट्टीवर बसून शिकलो. सुटीच्या दिवशी चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्यांवर आमचा अड्डा असे. आमचं हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं; भर उन्हाळ्यातही तिथं गारवा मिळतो. पुढं तो इंजिनिअर झाला आणि मी कविता लिहायला लागलो. दोघांच्याही घरच्यांना काळजी मात्र माझीच वाटायची.

एवढ्या सकाळी परदेशातून फोन म्हणजे काही बरंवाईट तर नाही, अशा भीतीनं मी तो घेतला. पलीकडं मित्र नव्हता, त्याची सतरा वर्षांची मुलगी होती.

"काका, झोपेतून उठवलं नाही ना? एकच विचारायचं होतं. अरबीत वांग्याला काय म्हणतात?"

मला येणारं अरबी म्हणजे लहानपणी मदरशात पाठ केलेल्या सुऱ्यांपुरतं. त्यात वांग्याचा उल्लेख नाही. मी म्हटलं, बेटा, दोन तासांत सांगतो. मग यवतमाळच्या एका ओळखीच्या मौलवीसाहेबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले आणि म्हणाले, "बादिंजान. पण आज भाजी काय करायची ते अरबीत ठरवणार आहात काय?"

हे वांगं कुठून आलं ते सांगतो. अमेरिकेत बारावीच्या आसपासच्या मुलांना कॉलेजच्या दर्जाचे काही विषय शाळेतच घेता येतात. त्याला 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणतात. मे महिन्यात परीक्षा होते, एक ते पाच असे गुण मिळतात आणि चांगले मिळाले तर पुष्कळ कॉलेजं ते धरतात. या विषयांत स्पॅनिश साहित्य हा एक आहे. नेमलेल्या कलाकृती अडतीस. चौदाव्या शतकातल्या गोष्टींपासून ते बोर्हेस, मार्केसपर्यंत. तीन तासांचा पेपर. पासष्ट प्रश्न पर्याय निवडायचे आणि चार लिहायचे. काही उतारे तर कानानं ऐकून उत्तरं द्यायची. हे सगळं स्पॅनिशमध्ये. आपल्याकडं बी. ए. ला मराठी घेणाऱ्या मुलाला तीन वर्षांत मिळून एवढा मजकूर असतो, आणि त्यातला निम्मा तो गाइडमधून वाचतो. मी वाचला आहे, म्हणून सांगतो.

मित्रानं फोन हातात घेतला आणि इतक्या वर्षांनंतरही शाबूत असलेल्या वऱ्हाडीत म्हणाला, "अबे, गणित घे म्हटलं, कॉम्प्युटर घे म्हटलं. इनं घेतलं स्पॅनिशचं साहित्य. आता तुलेच इचारत जाईन ते. मले त्यातलं काई समजत नाई."

तर पोरगी 'डॉन क्विक्झोट' वाचत होती. स्पॅनिश उच्चार दोन किहोते. कादंबऱ्या वाचून वाचून डोकं फिरलेला, पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला उगारणारा तो म्हातारा सरदार आपल्यालाही ऐकून माहीत असतो. मला माहीत नव्हतं ते पुढंच. पुस्तकाचा लेखक सेर्वान्तेस हा आठव्या प्रकरणाच्या शेवटी लढाई ऐन रंगात आणतो, दोघांच्या तलवारी हवेत उचललेल्या, आणि म्हणतो की पुढची हकिगत मला मिळालेली नाही. नवव्या प्रकरणात ती मिळते. तोलेदो शहराच्या बाजारात एक पोरगा रद्दीच्या वह्या विकायला आलेला असतो. रस्त्यावर पडलेला फाटका कागदसुद्धा उचलून वाचायची सवय असलेला आपला निवेदक एक वही उघडतो, तर अक्षरं अरबी. ती त्याला वाचता येत नाहीत. मग तो एका मोरिस्कोला, म्हणजे बळजबरीनं ख्रिस्ती केलेल्या मुसलमान घराण्यातल्या माणसाला शोधून आणतो. त्याला दोन्ही भाषा येतात. तो वही उघडतो आणि हसतच सुटतो. समासात कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं की या गोष्टीत जिचं नाव वारंवार येतं ती दुल्सिनेया डुकराचं मांस खारवण्यात सगळ्या ला मांचा प्रांतात अव्वल होती. निवेदक सगळ्या वह्या अर्ध्या रेआलला विकत घेतो, माणसाला घरी घेऊन जातो आणि दीड महिन्यात भाषांतर करून घेतो. मजुरी दोन अर्रोबा मनुका आणि दोन फानेगा गहू. अर्रोबा म्हणजे साधारण साडेअकरा किलो. हा शब्द अरबी 'अर्-रुब' वरून आला, अर्थ चौथा हिस्सा. ई-मेलच्या पत्त्यात मधोमध जे चिन्ह असतं त्याला स्पॅनिश माणूस आजही अर्रोबाच म्हणतो.

त्या वह्यांचा मूळ लेखक म्हणून सेर्वान्तेसनं नाव दिलं आहे सिदे हामेते बेनेंगेली. सिदे म्हणजे सिदी, 'माझे धनी'. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं नातंही याच शब्दाशी सांगतात. हामेते म्हणजे हमीद किंवा अहमद. पुढं दुसऱ्या भागात सांचो पांझा या आडनावाचा घोटाळा करून 'बेरेन्हेना' म्हणतो, आणि बेरेन्हेना म्हणजे वांगं. शिक्षिकेनं वर्गात सांगितलं की हा शब्द अरबीतून आला आहे, खात्री करून या. म्हणून तिला सकाळी सकाळी कळंबला फोन.

मी तिला वर आणखी सांगितलं, बेटा, ते अरबी बादिंजानही फारसीतून आलेलं आणि फारसीत ते आपल्या देशातून गेलेलं. वांगं मुळात इकडचंच. मग आमचा खेळच सुरू झाला. रोज तिच्याकडून एक शब्द यायचा. संत्र्याला स्पॅनिशमध्ये नारांहा म्हणतात. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि मग स्पेन. नागपूर रस्त्यावरच्या माणसाला हे कळल्यावर आनंद होणारच. साखरेला आसूकार. आणि कापसाला आल्गोदोन, अरबी 'अल्-कुत्न'. यवतमाळ जिल्ह्यात जन्म काढला, घराघरात कापूस पाहिला, पण त्याचं एक नाव इतका प्रवास करून आलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. 'ओहाला' म्हणजे 'असं होवो'. त्यात अल्लाचं नाव दडलेलं आहे आणि ते रोज कोट्यवधी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी असतं.

हा खेळ छान चालला होता. अभ्यास मात्र चालला नव्हता. मार्चमध्ये तिकडं घड्याळं एक तास पुढं करतात. तेव्हापासून तिचा फोन साडेपाचला यायला लागला, मी फजरची नमाज आटोपून बसलेलो असायचो. एका पहाटे ती बोलेचना. मग म्हणाली, "काका, मी हा विषय सोडतेय."

कारण असं की वर्गातली बहुतेक मुलं डोमिनिकन, पोर्तो रिको, कोलंबिया अशा घरांतली. स्पॅनिश त्यांच्या आजीची भाषा. हिची सहावीपासून शिकलेली. ती वाचायला उभी राहिली की कुणीतरी म्हणायचं, "अरे वा, तुझं स्पॅनिश किती छान आहे!" वाईट हेतू काही नाही. पण तेच वाक्य दहाव्यांदा ऐकलं की त्यातून दुसरंच ऐकू यायला लागतं : ही भाषा तुझी नाही, तरी तुला येते, कमाल आहे.

श्रोते हो, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? कविसंमेलनात कविता म्हणून खाली बसलो की शेजारचा हमखास म्हणतो, "तुमचं मराठी फारच शुद्ध आहे हो." मी कळंबचा. माझ्या आज्या-पणज्यांची हाडं इथल्या मातीत. मी मराठी शाळेत शिकलो, मराठी घेऊन बी. ए. झालो. आणि त्या बी. ए. च्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी हजेरी घेता घेता माझ्या नावाशी थांबून विचारलं होतं, "तुम्ही चुकून या वर्गात आलात का?" वर्ग हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मी तिला हे सांगितलं. विषय सोडू नकोस असं मात्र सांगितलं नाही, ते सांगणारा मी कोण? एवढंच म्हटलं, नववं प्रकरण पुन्हा एकदा मला वाचून दाखव, मराठीत करून. मला इंग्रजी पुस्तक नीट झेपत नाही. हे अर्धं खरं होतं. ऑर्म्सबीचं १८८५ चं इंग्रजी भाषांतर मी मोबाइलवर फुकट उतरवून घेतलं होतं आणि शब्दकोश घेऊन रेटत होतो.

तिनं वाचलं. तिचं मराठी घरातलं, स्वयंपाकघरातलं. "त्याने त्याला किशमिश दिले आणि गहू दिला आणि तो खूश झाला." पण काय सांगू, मला ते ऑर्म्सबीपेक्षा जवळचं वाटलं. वाचून झाल्यावर मी माझी प्रत पडताळून पाहिली, तर शेवटाकडचं एक वाक्य तिनं गाळलं होतं. निवेदक म्हणतो की या हकिगतीच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायची तर एकच, की तिचा लिहिणारा अरब आहे आणि खोटं बोलणं हा त्या लोकांचा स्वभावच. पुढं तर तो त्याला कुत्राही म्हणतो.

मी विचारलं, "हे राहिलं का गं?"

बराच वेळ काही नाही. मग, "काका, मी मुद्दाम नाही वाचलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलं होतंच. ते नाकारण्यात अर्थ नाही. चारशे वर्षांपूर्वीचं, सात समुद्रांपलीकडचं वाक्य, पण वाचताना मी एकदम चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. धड्यात 'यवन' शब्द आला की सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघायचा. कुणी काही म्हणायचं नाही, नुसतं बघायचं. त्या वेळी टाटपट्टीवर माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा पुस्तकातून डोकं वर काढायचा नाही. आपला पाय माझ्या पायावर दाबून धरायचा. तोच हिचा बाप. त्यानं कधी यावर एक शब्द काढला नाही आणि मीही नाही. त्या पहाटे मी पहिल्यांदा हे कुणाला सांगितलं, आणि तेही त्याच्या पोरीला.

मग आम्ही त्या वाक्याचा समाचार घेतला. मी म्हटलं, बेटा, परीक्षेत हे गाळू नकोस. हा विनोद कुणावर आहे ते बघ. ज्याला खोटारडा म्हटलं त्याच्याच शब्दावर सगळं पुस्तक उभं आहे. त्याची वही मिळाली नसती तर तलवारी हवेतच राहिल्या असत्या. आणि शिवी देणाऱ्याला ती वही वाचता येत नाही. वाचायला पुन्हा त्याच जमातीचा माणूस घरी आणून बसवावा लागला. सेर्वान्तेस स्वतः अल्जीयर्समध्ये पाच वर्षं कैदेत होता, १५७५ ते १५८०. त्याला अरब माहीत होते, चांगले आणि वाईट दोन्ही. पुस्तकाचा पहिला भाग १६०५ चा. त्याआधीच, १५६७ च्या फर्मानानं, ग्रानाडाच्या मोरिस्कोंना अरबी बोलण्या-लिहिण्याची मनाई झाली होती. आणि १६०९ पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्को देशातून हाकलले गेले. म्हणजे वाचकांनी ते प्रकरण वाचून हसून घेतलं, आणि चार वर्षांत तो वह्या वाचणारा माणूस बोटीत बसवला गेला असेल. १६१५ च्या दुसऱ्या भागात सेर्वान्तेसनं रिकोते नावाचा असाच एक हाकललेला दुकानदार आणला आहे. वेष बदलून तो आपल्या गावी परत येतो आणि जुना शेजारी सांचो त्याला ओळखून मिठी मारतो. ते प्रकरण तिच्या परीक्षेला नव्हतं. तरी मी तिला वाचायला लावलं. असलं काही परीक्षेला नसतंच.

नेमलेल्या यादीत आल्हामा शहराच्या पाडावाचं एक जुनं गाणंही होतं. १४८२ मध्ये ख्रिस्ती फौजांनी ग्रानाडाच्या राज्यातलं आल्हामा घेतलं, आणि दहा वर्षांनी, १४९२ च्या दोन जानेवारीला, ग्रानाडाच गेलं. गाण्यात राजा शहरातून रपेट करतो आहे, पत्रं येतात, तो पत्रं आगीत टाकतो आणि आणणाऱ्याला ठार करतो. मग नगारे, जमलेले लोक, आणि शेवटी पांढऱ्या दाढीचा एक फकीह राजाला तोंडावर सुनावतो की तू आपलीच चांगली माणसं मारलीस, आता भोग. प्रत्येक कडव्यानंतर हळहळीचा एक लहानसा उद्गार. आपल्याकडं त्याला ध्रुपद म्हणतात, ते तिला आधी 'एस्त्रिबीयो' म्हणून ठाऊक होतं. ओळ आठ अक्षरांची, म्हणजे आपल्या लहान अभंगाएवढी. मी तिला टाळी देऊन म्हणायला लावलं. पाठ झालं एका दिवसात. तिचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही : जिंकलेल्या लोकांच्या भाषेत हरलेल्यांचं रडगाणं, तर हे गाणं नेमकं कुणाचं? पेरेस दे इता नावाच्या लेखकानं १५९५ मध्ये लिहून ठेवलं आहे की मूळ गाणं अरबीत होतं आणि ते ऐकून लोक इतके रडायचे की गायला बंदी करावी लागली. अभ्यासक त्याच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मला मात्र ठेवावासा वाटतो.

यादीतली पहिली पहिली गोष्ट होती 'कोंदे लुकानोर' या १३३५ च्या पुस्तकातली. त्याच पुस्तकात मधाचं मडकं डोक्यावर घेऊन मनोराज्य करणारी एक बाई आहे. ही आपली पंचतंत्रातली सातूच्या पिठाची गोष्ट. पंचतंत्र अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं आणि १२५१ मध्ये स्पॅनिशमध्ये आलं. मराठीत असल्या मनोराज्याला आपण 'शेखमहंमदी' म्हणतो. आमच्या माणसाचं नाव निदान इथं तरी भाषेत कायमचं बसलं! श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांशी कृपया त्याचा संबंध जोडू नये. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या माणसाला मडकी फोडायला वेळ नव्हता.

तिचं मराठी तिच्या कामी कसं आलं, हे मात्र सांगायलाच हवं. मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची एक गोष्ट आहे. रात्रीची वेळ, म्हातारा बाप जखमी तरण्या पोराला पाठुंगळी घेऊन दूरच्या गावी डॉक्टरकडं निघाला आहे. अंगावरच्या पोरामुळं बापाचे कान झाकले गेलेत, म्हणून तो पुन्हा पुन्हा पोराला विचारतो, कुत्री भुंकताना ऐकू येतात का? कुत्री भुंकली म्हणजे गाव आलं. पोरगा दरोडेखोर निघालेला. बाप वाटभर त्याला बोल लावतो, आणि खाली मात्र ठेवत नाही. ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं मेक्सिको नव्हतंच. आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या पाऊलवाटा होत्या.

गोष्टीत एका जागी बाप पोराला 'तू' म्हणता म्हणता एकदम 'तुम्ही' म्हणायला लागतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळं शिक्षिका वर्गाला समजावत होत्या की हा आदर नव्हे, तोडलेपण आहे. वर्गात ते सगळ्यांत आधी हिला कळलं. का? तर ही घरी उशिरा आली की हिची आई म्हणते, "या बाईसाहेब, आपली स्वारी कुठं निघाली होती?" त्या 'आपली'मध्ये किती आदर असतो ते कोणत्याही मराठी पोराला विचारा. तिनं वर्गात ते सांगितलं. त्या दिवशी फोनवर ती जे हसत होती, ते ऐकून मी समजलो की विषय सुटण्याची भीती आता नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा नियम, म्हणून तिनं सांगितले नाहीत आणि मी विचारले नाहीत. जुलैत निकाल लागला, पाचांपैकी चार. मित्राचा फोन, "म्हणजे ऐंशी टक्के झाले ना बे?"

मधल्या काळात माझ्या घरात एक वेगळीच परीक्षा सुरू होती. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या बंड्या मोजायच्या, उचल द्यायची, हिशेब ठेवायचा. त्यांची लाल कापडात बांधलेली एक चोपडी आमच्या लोखंडी पेटीत तीस वर्षं पडून होती. अक्षरं उर्दू. मला ती वाचता येत नाहीत. पोटापाण्याच्या शाळेत ती नव्हती आणि मदरशात अरबी हरफांच्या पुढं मी गेलो नाही. मी धरून चाललो होतो की चोपडीतलं लिखाण उर्दूच असणार. नववं प्रकरण तीन-चारदा वाचल्यावर एक दिवस ती पेटीतून काढली, यवतमाळची एस. टी. पकडली आणि मौलवीसाहेबांपुढं ठेवली.

त्यांनी चष्मा चढवून पहिलं पान वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर थांबले. "लिपी तर साफ आहे," म्हणाले, "पण ही जबान कोणती? पोला, पोला असं लिहिलंय जागोजागी." मी म्हटलं, "मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. 'पोला झाल्यावर देईन.' ते पोळा होतं. उर्दूत ळ नाही, ण नाही. दादांनी वऱ्हाडी बोली उर्दू अक्षरांत लिहून ठेवली होती. कळंबचं कलंब झालं होतं, विळ्याचं विला.

मोरिस्कोही असंच करायचे. अरबी हातची जायला लागली तेव्हा ते स्पॅनिश बोलत आणि अरबी अक्षरांत लिहीत. त्याला 'आल्हामियादो' म्हणतात. आरागोन प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा गावी १८८४ मध्ये एक जुनं घर पाडताना खोट्या तक्तपोशीखाली अशा वह्यांचा ढीगच सापडला. हद्दपार होण्याआधी कुणीतरी दडवून ठेवलेल्या. आपल्याकडं उलट उदाहरण फादर स्टीफन्सचं. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं ते मराठी, पण रोमन अक्षरांत. आमच्या दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांच्यावर कुणाची बंदीही नव्हती. त्यांना फक्त ती अक्षरं येत होती आणि कास्तकार ही बोली बोलत होते.

मग ठरलं. मौलवीसाहेबांना अक्षरं येतात, शब्द येत नाहीत; ते मूळचे उत्तरेकडचे. मला शब्द येतात, अक्षरं येत नाहीत. दर शुक्रवारी नमाजनंतर ते वाचायचे आणि मी देवनागरीत उतरवायचो. सहा महिने लागले. साहित्य म्हणाल तर त्यात काही नाही. कुणी किती बंड्या कापूस आणला, कुणाला पेरणीला किती उचल दिली, कुणी मुलीच्या लग्नाला किती नेले. एके ठिकाणी समासात लिहिलं होतं की अमक्याचा बैल मेला, तगादा करू नये. तेवढं वाचून मौलवीसाहेब काही वेळ पुढं वाचेनात.

त्याच डिसेंबरात मित्र सहकुटुंब कळंबला आला. पोरगी चोपडी मांडीवर घेऊन तासभर बसली. तिचा पहिला प्रश्न, "काका, मौलवीसाहेबांना काय दिलं? मनुका की गहू?" मी म्हटलं, वीस किलो तूर डाळ, आणि तीही त्यांनी निम्मी परत पाठवली.

एक नोंद आमची अडली होती, ती तिला दाखवली. एका कास्तकाराचं नाव, वीस रुपये आणि पुढं नुसता एक शब्द : मीम, लाम, अलिफ. ऱ्हस्व स्वर उर्दूत बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळं हा शब्द तीन तऱ्हांनी लागतो. मौलवीसाहेब म्हणतात 'मिला', म्हणजे पैसे पोचले. मी म्हणतो 'मळा', म्हणजे मळ्यापोटी पैसे दिले, येणं बाकी. आणि आमच्या घरच्या बाईंचं म्हणणं की ते 'मुल्ला' आहे, कुणा मुल्लाजीला द्यायचे असतील. माणूस गेला, दादा गेले, जिनिंगही बंद पडलं. विचारणार कुणाला?

ती बराच वेळ त्या तीन अक्षरांकडं बघत राहिली. मग माझी देवनागरीतली वही पुढं ओढली, पेन मागितलं आणि त्या नोंदीसमोरच्या रिकाम्या जागेत तिच्या कच्च्या, बाळबोध अक्षरांत तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. 'मळा'मधला ळ तिला नीट जमला नाही. तो तिच्या बापानं गिरवून दिला.